पहिली ओंजळ

एका पत्र्याच्या डब्यावर हिरव्या ऑइलपेंटने ‘पानसरे’ लिहिलं आहे. रंग ओघळून ‘रे’ला दोन मात्रा झाल्या आहेत.

लग्नपत्रिकेच्या मागचा पत्ता: नक्षत्र कॉलनी, भोईटे गिरणीजवळ.

मांजरपाटाची एक पांढरी बाही, हातभर लांब, दोन्ही तोंडांना नाडी. नाकाशी नेली तर साबणाचा वास.

बसच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. ते फुटलं नाही, बाजूला उडालं.

सहा वर्षांची मुलगी म्हणते, “मी नाही खाल्लं बिस्कीट.”

आमच्या गल्लीतला कुत्रा ज्वारीचं पीठ खात नाही.

गिरणी सोमवारी बंद.

*

शनिवारी सकाळी कुमुद पानसरे गिरणीत आली, डबा खाली ठेवला आणि बसली नाही. एवढ्यावरूनच मला कळलं.

“बस की,” मी म्हटलं.

“नको गं. चारला हर्षदाकडे सगळ्या जमणार आहेत. बुधवारी बस सुरू होणार ना, त्याचं ठरवायचंय. हार कुणी आणायचा, नारळ कुणी फोडायचा. तू पण ये.”

“चारला गिरणी कोण चालवणार? तुझी हर्षदा?”

“माझी काय,” कुमुद हसली. “सगळ्यांचीच.”

“हो ना. सगळ्यांचीच.”

पट्ट्याच्या आवाजात तिला किती ऐकू गेलं कोण जाणे. गिरणीत बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. टोमणा ओरडून मारता येत नाही, हा या धंद्याचा एक तोटा.

“माझे गहू लवकर कर,” ती कानाशी येऊन म्हणाली. “एक वाजता नेते.”

*

आम्ही नक्षत्र कॉलनीत आलो तेव्हा सात घरं होती आणि बाकी बाभळी. मालक कंपनीत शिफ्टला जायचे, गिरणी मी चालवायची. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायलाही मीच शिकले, कारण टाकी लावणारा इतक्या लांब यायला तयार नसे. मी छिन्नी चालवायची आणि कुमुदने दगड धरायचा. तिचं घर दुसऱ्या गल्लीत. सकाळची कामं उरकली की निवडायची भाजी घेऊन ती गिरणीत यायची आणि पालथ्या खोक्यावर बसायची, ती एक वाजेपर्यंत. आठ वर्षं त्या खोक्यावर दुसरं कुणी बसलं नाही.

कॉलनीचं सगळं गिरणीत ठरायचं. टँकर कुठल्या गल्लीत आधी, गणपतीची वर्गणी कोण फिरवणार, कुणाच्या सासूचं काय बिनसलं. घरं सातची सत्तर झाली तरी पत्ता एकच होता. रिक्षावाले, पोस्टमन, गॅसवाला, सगळे गिरणीपाशी येऊन विचारायचे आणि मी हात करून दाखवायची.

मग हर्षदा झांबरे आली. भुसावळकडची. नवऱ्याची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी आलेली, गिरणीच्या मागच्या गल्लीत. लग्नाआधी ती तहसील कचेरीत कामाला होती, तिला अर्ज लिहिता यायचा. तिने अर्ज लिहिला आणि तीन महिन्यांत गल्लीत दिव्याचे खांब आले. त्यानंतर लोक कागद घेऊन तिच्याकडे जायला लागले. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, ड्रेनेज. तिच्या पायरीवर संध्याकाळी चपलांचा ढीग असायचा. त्यात कुमुदच्या चपला मी लांबूनही ओळखायची.

एकदा एक रिक्षावाला गिरणीच्या दारात थांबून विचारू लागला, “झांबरे मॅडमकडं कसं जायचं?”

मी हात केला. उलट्या दिशेला. तो बाभळीत गेला.

आणि मग तिने घरगुती चक्की घेतली. पांढरी, छोट्या फ्रीजसारखी, खाली चाकं. गिरणी चाळीस पावलांवर असताना.

“तू दळलंस का तिच्याकडे?” मी कुमुदला विचारलं.

“एकदाच. डाळीचं पीठ. सोमवार होता, तुझी बंद होती.”

“मंगळवार उगवणारच नव्हता का?”

“वत्सला, अगं पाहुणे आले होते.”

हर्षदाची गिऱ्हाईक म्हणून मला तशी गरज नव्हती. तिच्याकडे फक्त ज्वारी खायचे. खानदेशातली माणसं, कळण्याची भाकरी आणि भरीत, त्याचं तिला कौतुक असणार, असं मी धरून चालले होते. पण माझ्या धाकट्याच्या वाढदिवसाला तिने आपल्या मुलीला, केतकीला, केक खाऊ दिला नाही, पुरीही नाही. घरून आणलेला डबा मुलीपुढे उघडून ठेवला, सगळ्यांच्या देखत. केतकी तेव्हा पाच वर्षांची. भाकरी चिवडत केककडे बघत बसली. मी हसून विचारलं, “आमच्या घरचं चालत नाही वाटतं?”

“तसं नाही हो ताई,” हर्षदा म्हणाली. “तिच्या पोटाला जड पडतं.”

त्या दिवशी मी तो केक कुत्र्याला घातला.

*

कुमुद अजून दारातच होती, तेवढ्यात हर्षदा डबा घेऊन आली.

“ताई, चक्की जळाली हो माझी. काल व्होल्टेज खालीवर झालं ना.”

“लहान मोटार असते त्यांची,” मी म्हटलं. “शोभेला ठीक.”

“तेच तर. आता तुमच्याच दारात.” तिने डबा ठेवला. “फक्त एक करा ताई. ज्वारीच्या मागे ज्वारी लावा, मध्ये गहू जाऊ देऊ नका. आणि पहिली ओंजळ तुम्ही काढताच, माझ्या चार ओंजळी काढा. वाया गेल्या तर जाऊ द्या. आणि ही बाही लावा.”

पिशवीतून तिने ती पांढरी बाही काढली. गिरणीच्या तोंडाला, पीठ उडू नये म्हणून, जे कापड बांधतात ते. तिने घरून शिवून, धुऊन आणलं होतं.

“आमच्या बाहीला काय झालं?”

“काही नाही हो. आमची आपली सवय.”

“माझे हात चालतील ना? का तेही धुऊन येऊ?”

“वत्सला,” कुमुद म्हणाली. चारचौघांत पोराला दटावतात तशी.

हर्षदाने माझ्या दंडावर हात ठेवला. “तुमचे हात चालतात म्हणून तर आले, ताई.”

दोघी बरोबरच निघाल्या. पायरी उतरताना हर्षदाने कुमुदच्या खांद्यावर उडालेलं पीठ झटकलं. कुमुदने खांदा जरा पुढे केला.

ते पीठ आठ वर्षं मी झटकत आले होते.

*

गिरणीत आधीच्याचं थोडं पीठ दगडात अडकून राहतं. म्हणून नवं दळण लावलं की त्याची पहिली ओंजळ वेगळी काढायची आणि दारातल्या डब्यात टाकायची, गायीसाठी. माझ्या सासूबाईंनी फलटणच्या गिरणीत मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कुणाचं कुणात जाऊ द्यायचं नाही.

त्या शनिवारी रांगेत ज्वारीचे दोन डबे आधीचे होते. ते झाले. तिसरा हर्षदाचा.

मी कुमुदचे गहू ओतले.

गहू संपले तसा पट्टा न थांबवता वरून ज्वारी ओतली. ओंजळ काढायला हात सवयीने तोंडाशी गेला. मी तो मागे घेतला. बाही जुनीच होती, गव्हाने माखलेली. पांढरी बाही खिडकीत पडली होती. दळण झाल्यावर मी ती उचलली आणि आतून बाहेरून पीठ चोळलं, वापरल्यासारखी दिसावी म्हणून. घडी करून हर्षदाच्या डब्याच्या झाकणावर ठेवली.

काय होईल असं मला वाटलं होतं? काहीच नाही. तिने सांगितलेलं एक तरी होऊ नये, एवढंच.

एक वाजता कुमुद आली. “तिचा पण दे, जाता जाता टाकते.” एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, असे दोन्ही डबे ती घेऊन गेली.

*

बुधवारी सकाळी कॉलनीच्या तोंडाशी रांगोळ्या होत्या. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. मीही गिरणी बंद ठेवून गेले, हर्षदाच्या नावाने होणारा सोहळा दुरून बघायला. ड्रायव्हरला गुलाब द्यायचा मान केतकीचा होता. तिला फ्रॉक शिवल्याचंही मी ऐकलं होतं.

हर्षदा कुठे दिसेना. केतकीही.

“रविवारपासून उलट्या चालू आहेत पोरीला,” कुमुद म्हणाली. “जुलाब पण. हर्षदा रात्रंदिवस उशाशी आहे.”

“काहीतरी खाल्लं असेल.”

कुमुद माझ्याकडे बघत राहिली. मी रस्त्याकडे बघत राहिले.

बस आली. थांब्याच्या खांबावर पिवळी पाटी होती, तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. कॉलनीतल्या सोनटक्के मास्तरांनी ते फाडलं. काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: भोईटे गिरणी.

टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“हे नाव कुणी दिलं?” मी विचारलं.

“अर्जात तेच होतं,” मास्तर म्हणाले. “झांबरे मॅडमनी लिहिलं, आम्ही सह्या केल्या. तुम्ही कुठे आलात सहीला? बोलावलं होतं की.”

गुलाब माझ्या हातात दिला गेला. मी तो ड्रायव्हरला दिला. नारळ फुटला. चाकाखालचं लिंबू बाजूला उडालं तसं कुणीतरी म्हणालं, “जाऊ द्या, पोचलं ते,” आणि सगळे हसले. मग मला बसमध्ये चढवलं. “पहिलं तिकीट भोईटे वहिनींचं,” मास्तर म्हणाले. कंडक्टरने घंटी मारली आणि खणखणीत आवाजात, पहिल्यांदा, थांब्याचं नाव घेतलं.

मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत परत आले.

*

हर्षदाच्या घराचं दार लोटलेलं होतं. केतकी दिवाणावर पडली होती, डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे. खुर्चीच्या पाठीवर नवा फ्रॉक. कोपऱ्यात ती चक्की होती. तिच्या दारावर स्केचपेनने गव्हाची लोंबी काढून तिच्यावर फुली मारली होती. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत: गहू नको.

“आली का बस?” हर्षदाने विचारलं.

“आली.”

“पाटी नीट लागली?”

“लागली. ते नाव... तू का लिहिलंस?”

“मग दुसरं काय लिहिणार?” तिला प्रश्नच कळला नाही. “सगळे तेच म्हणतात. रिक्षावाल्याला काय सांगायचं?”

मी दिवाणाच्या कडेला बसले. “काय झालंय हिला?”

तिने उठून दार लावलं आणि मग सांगितलं. केतकीला गहू चालत नाही. रवा, मैदा, काही नाही. कण गेला तरी आतडी सोलून निघतात. तीन वर्षं कुणाला कळलं नव्हतं, पोरगी सुकत चालली होती, मग जळगावच्या डॉक्टरांनी शोधलं. “तेव्हापासून सगळं वेगळं ठेवलंय. तवा, परात, पोळपाट. चक्की त्यासाठीच घेतली.”

“कुणाला बोलली नाहीस कधी.”

“कुठे बोलू? आमच्या सासूबाईंना आत्ताच काळजी लागलीय, पोळीला हात न लावणारी सून कोण करेल म्हणून. गावभर झालं तर म्हणतील, मीच बोभाटा केला.” ती थांबली. “कुमुदताईंना सांगितलं. काल.”

मी केतकीच्या अंगावरची चादर वर ओढली.

“ताई, राग मानू नका. एक विचारू? शनिवारी माझ्या डब्याआधी काय लावलं होतं?”

“ज्वारी,” मी म्हटलं. “दोन डबे ज्वारीचे होते. विचार कुणालाही.”

“आणि बाही?”

“तुझीच. बघितलीस ना, पिठाने भरलेली.”

“हो, बघितली.” तिने मान हलवली. मग ती मुलीकडे वळली. “ऐकलंस? आता तरी खरं सांग. शाळेत कुणाचं बिस्कीट खाल्लंस?”

“मी नाही खाल्लं बिस्कीट,” केतकी म्हणाली.

“परत तेच. केतू, मी मारणार नाही आता.”

“मी नाही खाल्लं.”

“सकाळी हात उचलला हो मी तिच्यावर,” हर्षदा मला म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. “आजारी पोरीवर. पण खोटं बोलते, ताई. पूर्वी नव्हती बोलत.”

केतकीने माझ्याकडे बघितलं. कधीकधी लहान मुलं घरातल्यांना सोडून तिसऱ्याच माणसाकडे बघतात, तो आपल्या बाजूने बोलेल म्हणून.

“लहान आहे,” मी म्हटलं. “होते चूक. जाऊ दे.”

केतकीने भिंतीकडे तोंड केलं.

“ते पीठ कुठाय?” मी विचारलं.

“आहे की निम्मं. कालपासून थोडी भाकरी कुस्करून देतेय, तेवढीच जाते तिला.”

“दे इकडे. चार दिवसांचं झालं, कडू लागत असेल. मी ताजं करून आणते.”

डबा घेऊन मी बाहेर आले. फाटकाशी कुमुद उभी होती, हातात पातेलं, त्यात भाताची पेज. किती वेळ उभी होती माहीत नाही. खिडकी उघडी होती.

“ज्वारी?” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“शनिवारी दोन्ही डबे मीच नेले, वत्सला. माझा डबा गरम होता. तिच्या डब्याचा तर हाताला चटका बसत होता.”

आधी दळलेलं आधी निवतं. हे तिला माझ्याच गिरणीत बसून कळलेलं.

“मग?” मी म्हटलं.

“काही नाही,” कुमुद म्हणाली, आणि पातेलं घेऊन आत गेली.

मी गल्लीच्या टोकाला डबा पालथा केला. कुत्रा आला, हुंगलं, निघून गेला.

*

त्या रात्री मी झोपले नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मागच्या खोलीतली जुनी चक्की बाहेर काढली, स्वतः टाकी लावली, दगड एकटीने धरून. दोनदा छिन्नी निसटली. चक्कीवर पाटी लावली: फक्त ज्वारी. केतकीचं दळण तिच्यावर पहिलं. लोकांना वाटलं, नवीन घेतली. थांब्याला नाव मिळालं म्हणून भोईट्यांनी धंदा वाढवला, असंही कुणी म्हणालं.

केतकी आठवड्याभरात उठली. हर्षदाची मोटार दुरुस्त होऊन आली, तरी ती ज्वारी माझ्याकडेच आणायची. बाही आणणं तिने बंद केलं. “तुमचं आता सगळं वेगळंच आहे,” म्हणायची. कुमुदने तिला काही सांगितलं की नाही, मला कधी समजलं नाही. विचारायचं तर कुमुदलाच विचारावं लागलं असतं.

कुमुद माझ्याशी भांडली नाही. हळदीकुंकवाला आली, माझ्या मोठ्याच्या लग्नात पंगतीत वाढायला उभी राहिली. फक्त दळण आणलं नाही. एकदाही नाही. पुढे हायवेच्या बाजूला नवी गिरणी निघाली. तिथे एकदा पट्टा मागायला गेले होते. रांगेत तिसरा डबा हिरव्या अक्षरांचा होता, ‘रे’वर दोन मात्रांचा. ती अक्षरं मीच काढली होती. मी जवळ जाऊन झाकणावर हात ठेवला. थंड होता, अजून दळायचा होता.

त्या गिरणीवाल्याकडे बसायला खोकं नव्हतं. हे मी मुद्दाम बघून आले.

*

गेल्या वैशाखात केतकी पत्रिका द्यायला आली. तेवीस वर्षांची, सडपातळ, बँकेत नोकरी. गिरणी चालू होती. पत्रिका कट्ट्यावर ठेवून ती वाकली, नमस्कार केला आणि जायला निघाली. मग पुन्हा वळली.

“काकू, बस सुरू झाली तेव्हाचं आठवतं तुम्हाला? मी आजारी होते.”

“आठवतं.”

“आईला अजून वाटतं मी खाल्लं होतं. परवा होणाऱ्या सासूबाईंनासुद्धा हसत हसत सांगितलं तिने, लहानपणी चोरून बिस्कीट खाल्लं आणि मरता मरता वाचली म्हणून.” ती हसत होती. “काकू, खरंच नव्हतं खाल्लं मी.”

“मला माहीत आहे.”

“काय?” तिने कानाला हात लावला.

मी जाऊन मोटार बंद केली. पट्टा थांबायला वेळ लागतो. ती उभी होती, मीही उभी होते, आणि दगड आपला वेग सोडत फिरत होता. पूर्ण थांबेपर्यंत मी वाट बघितली.

“मला माहीत आहे,” मी म्हटलं. “ज्वारीत गहू दळतानाच गेला होता. मीच जाऊ दिला.”

केतकीचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं. तिने ज्वारीच्या चक्कीकडे बघितलं, तिच्यावरच्या पाटीकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. कट्ट्यावरची पत्रिका तिने परत उचलली नाही. ती पायरी उतरली आणि थांब्याच्या दिशेने चालायला लागली.

*

हर्षदा झांबरे नक्षत्र कॉलनीत राहायला आली त्याच आठवड्यात ती गिरणीत आली होती. कुमुद तिला हाताला धरून घेऊन आली होती. हर्षदाने विचारलं होतं, “ताई, ज्वारीसाठी वेगळी चक्की आहे का तुमच्याकडे?” चक्की मागच्या खोलीत होती, पोत्याखाली, चालू स्थितीत. मी नाही म्हणाले.